पिवळी रिंग

झडप वर करून इब्राहिमने पेटीत हात घातला. बेगम आतच होती, अंडं घालून मोकळी झालेली, आणि आता सोडा की बाहेर, अशी मान वाकडी करून बघत होती. त्याने आधी तिला उचलून खाली ठेवलं, मग पेंढ्यातलं अंडं काढलं, आणि त्याचं तोंड उतरलं. अंडं गव्हाळ होतं. नुसतं गव्हाळ, बाजारात कुठल्याही दुकानात मिळतं तसलं.

"अगं, काय हे," तो कोंबडीला म्हणाला. "जरा तरी मनावर घे."

बेगमने पिसं झाडली आणि ती पिवळ्या रिंगचा पाय टाकत त्याच्या चपलेवर येऊन उभी राहिली.

शेजारच्या पेटीचीही झडप पडलेली होती. त्यात लाल रिंगवाली होती. तिच्या पेटीत हात घातला की टोचणार, हे ठरलेलं. तिने टोचलंच. पण तिच्या पोटाखालचं अंडं असं होतं की बघणाऱ्याने म्हणावं, सुताराने शिसवीचा तुकडा कातून ठेवलाय. गडद, जाड टोकाला बारीक काळे ठिपके, आणि अजून ओलसर.

दोन हातांत दोन अंडी घेऊन इब्राहिम खुराड्यापुढे उभा राहिला. कानावर पेन्सिल होती. अंडं काढायचं, कोंबडीच्या पायातल्या रिंगचा रंग बघायचा आणि त्याचं पहिलं अक्षर अंड्यावर लिहायचं, पिवळीचं 'पि', लालचं 'ला', हे त्याला नेमून दिलेलं काम. कोंबडी पेटीत शिरली की मागे झडप पडते, माणसाने सोडेपर्यंत ती आतच राहते, त्यामुळे कुठलं अंडं कुणाचं यात चुकायला जागाच नाही, असं जाहिदाचं म्हणणं. जाहिदा ही इब्राहिमची बायको. कोंबड्यांच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द तिचा. तसा तो बाकी बाबतीतही तिचाच.

आणि जाहिदाने आदल्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं होतं.

"पिवळीचा रंग सुधारला नाही तर मी तिला बायाला देऊन टाकणार."

बाया कुरवंड्याच्या वाडीवरची. आठवड्याला एकदा खाली उतरायची, तेव्हा जाहिदाकडे चहाला थांबायची. निवडीतून बाद झालेली कोंबडी जाहिदा तिच्या पाटीत घालायची. बायाला दिलेली कोंबडी पुन्हा कुणी पाहिली नव्हती. पुढच्या आठवड्यात बाया फक्त म्हणायची, भाबी, रस्सा लय ग्वाड झालता.

इब्राहिमने उगीच इकडेतिकडे बघितलं. उभी नोकरी त्याने रेल्वेत काढली होती, खंडाळ्याच्या घाटात रुळांवरून चालत, हातोडीने बोल्ट ठोकत. एक बोल्ट ढिला लागला तरी खडूची खूण केल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नव्हतं त्याने. त्याच माणसाने शिसवी अंड्यावर 'पि' लिहिलं आणि गव्हाळ अंड्यावर 'ला'. अक्षर मात्र नेहमीपेक्षा सुरेख आलं.

मारान्स ही कोंबड्यांची जात मुळात फ्रान्सकडची. कुसगावात ती यशोधराबाईंच्या हौसेने आली. बाईंचा इथे बंगला होता आणि जाहिदा त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायची. बंगला विकून बाई मुलीकडे राहायला गेल्या, तेव्हा जाताना म्हणाल्या, जाहिदा, या कोंबड्या तू ने, अंडी खा आणि मजा कर. जाहिदाने अंडी खाल्ली नाहीत. ती ओळीने मांडून बघत बसली. काही गडद, काही मधली, बरीचशी फिकी. एकाच जातीच्या कोंबड्या आणि अंडी अशी सतरा रंगांची, हे काही तिला पटेना. बाईंनी जे हौसेने केलं ते हिने मग हट्टाने केलं.

काळ्या अंगावर मानेला तांब्याची झाक हवी. पायांवर बाहेरच्या बाजूने पिसं हवीत. डोळा नारिंगी हवा, पांढुरका नको. हे सगळं उघड्या डोळ्यांना दिसतं. अंड्याचा रंग मात्र कोंबड्याच्या अंगावर कुठे लिहिलेला नसतो, म्हणून कोंबडा निवडताना तो स्वतः कुठल्या अंड्यातून निघाला, ते ती बघायची.

"तो अंडं घालत नाही, पण त्याच्या आईचा रंग त्याच्या पोरींच्या अंड्यात उतरतो," असं तिने एकदा मुलाला, शादाबला समजावून सांगितलं होतं. तो पुण्याला कंपनीत होता आणि रविवारी यायचा.

"मग आपल्या शादाबमध्ये कुणाचं उतरलंय?" इब्राहिमने विचारलं होतं.

"तुमचं. म्हणून तर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते."

रंग मोजायला तिच्याकडे एक कार्ड होतं. लोणावळ्याच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्याने दिलेलं, फर्निचरच्या पॉलिशचं. त्यावर सागवान, अक्रोड, शिसवी असे चौकोन होते. ते खिडकीशी खिळ्याला टांगलेलं असायचं. अंडं उजेडात धरायचं, कार्डाला लावायचं आणि म्हणायचं, अक्रोड. किंवा म्हणायचं, सागवान, आणि ते सागवान अशा आवाजात म्हणायची की ऐकणाऱ्या कोंबडीने समजून जावं. अंड्यांचा हंगाम नव्याने सुरू होतो तेव्हा सगळ्यांचीच अंडी गडद येतात, पुढे रंग उतरत जातो. म्हणून ती लगेच निकाल द्यायची नाही. थांबायची, बघायची, मगच काय ते ठरवायची.

या थंडीत तिचं सगळं लक्ष लागून राहिलं होतं, कारण परंदवडीचा मारुती पिल्लं न्यायला येणार होता. त्याची मोठी पोल्ट्री होती आणि त्याला आता या जातीचं वेड लागलं होतं. 'काकी, रंग पक्का हवा हं, तुमच्या शब्दावर नेतोय,' असं तो म्हणाला होता. जाहिदाचा शब्द कुणी मागितला, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. आजवर लोकांनी तिच्याकडे भाकरी मागितली, चहा मागितला, उसनी साखर मागितली. शब्द कुणी मागितला नव्हता.

हे इब्राहिमला माहीत होतं. माहीत असून त्याने 'पि' लिहिलं.

काय करणार! बेगम सगळ्यांत शेवटी निघालेलं पिल्लू होतं. बाकीची हुंदडायला लागली तरी हे लटपटतच होतं. जाहिदा म्हणाली होती, हे राहायचं नाही. इब्राहिमच्या गुडघ्याचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्याने पिल्लू बुटाच्या खोक्यात ठेवून पलंगाशेजारी दिव्याखाली घेतलं. दोघंही एकाच वेळी चालायला शिकली. दाराच्या झडपेत सापडून तिच्या तुऱ्याचं एक टोक तुटलं, तेव्हा हळद यानेच लावली. नावही यानेच ठेवलं. जाहिदा कोंबड्यांना नावं ठेवायची नाही. नाव ठेवलं की मग हात चालत नाही, असं ती म्हणायची.

त्या दिवशी ट्रेमधलं 'पि' लिहिलेलं अंडं जाहिदाने उचललं. कार्डाला लावलं. मग खाली न ठेवता ते हातात फिरवलं, जाड टोक वर करून बघितलं, पुन्हा फिरवलं.

"पिवळीचं?"

"हो," इब्राहिम म्हणाला. "सुधारली की नाही?"

"हं," जाहिदा म्हणाली, आणि तिने अंडं ट्रेमध्ये ठेवून दिलं.

एकदा केलं ते मग रोज करावं लागलं. बेगमचं गव्हाळ ते लालच्या नावावर, लालचं शिसवी ते बेगमच्या नावावर. सुरुवातीला लिहिताना हात अडखळायचा, मग सवय झाली. वाईट सवय लागायला वेळ लागत नाही, तीच तर बोंब असते.

मधे एका शनिवारी मुंबईची एक बाई गाडी थांबवून आली. हॉटेलात नाश्त्याला ठेवलेली चॉकलेटी अंडी बघून तिने पत्ता काढला होता. तिने अंडं हातात घेतलं, अंगठा ओला करून त्यावर घासला आणि अंगठा जाहिदापुढे धरला. अंगठ्याला तपकिरी रंग लागला होता.

"रंग निघतोय हो याचा. चहाच्या पाण्यात बुडवता की काय? गावरान म्हणून असलीच विकतात सगळीकडे."

जाहिदाने बाईच्या हातातून अंडं काढून घेतलं.

"ताजं आहे म्हणून निघतोय. हा रंग कोंबडी सगळ्यांत शेवटी चढवते, वरून. चहा आमच्याकडे माणसांना देतात, कोंबड्यांना नाही. तुम्ही घेणार का एक कप?"

बाई ओशाळली आणि अंडी घेऊन गेली. जाहिदा मात्र बराच वेळ धुमसत होती.

"माझ्या अंड्यांत खोटं असतं म्हणे! इतकी वर्षं झाली, या घरातून एक खोटं अंडं बाहेर गेलं नाही. काय हो?"

"अजिबात नाही," इब्राहिम म्हणाला, आणि गुडघ्याचा पट्टा घट्ट करायला खाली वाकला.

त्यानंतर बेगमची माया एकदम वाढली. तो संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसला की ती यायची, त्याच्या लोकरी मोज्यावर पोट टेकायची, पिसं फुलवून बसायची आणि घशातल्या घशात कुडुक कुडुक करत राहायची. पाय हलवला की रागावून गुरकायची. इतर कोंबड्या दाण्यांकडे धावल्या तरी ही हलायची नाही. इब्राहिमला भरून यायचं. मुक्या जीवाला सगळं कळतं, त्याला वाटायचं. आपण हिच्यासाठी काय करतोय, तेसुद्धा हिला कळलं असणार.

जाहिदा ओट्यावरून बघायची.

"आजकाल फारच लळा लागलाय."

"लागणारच. जन्मापासूनची आहे."

"आणि अंडं रोज देतेय?"

"रोज. तू बघतेस ना ट्रेमध्ये."

"बघतेय तर," जाहिदा म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

आणि मग एका बुधवारी तिने जाहीर केलं.

"शुक्रवारी बाया येतेय. लालला देऊन टाकते."

इब्राहिमच्या हातातला पाव चहात पडला.

"लालला? का?"

"का म्हणजे? महिनाभर सागवान देत होती, आता तर अंडंच देत नाही. तुमच्याच हातचं लिहिलेलं आहे. मारुतीला काय, फिक्या रंगाची पिल्लं देऊ? पिवळीची अंडी जमवलीत, ती उबवायला घालायची."

हे काही इब्राहिमने धरलं नव्हतं. त्याला बेगमला वाचवायचं होतं, बस्स. तिच्या जागी दुसरं कुणी जाईल, इथपर्यंत त्याचं डोकं गेलंच नव्हतं. चहातला पाव विरघळून गेला, तरी तो चमच्याने ढवळतच राहिला.

गुरुवारी त्याने तीनदा सांगायचं ठरवलं. एकदा जाहिदा फोनवर होती. एकदा ती नमाजला बसली होती. तिसऱ्यांदा ती अगदी मोकळी होती आणि त्याच्याकडेच बघत होती, तर हा म्हणाला, गॅस संपत आलाय का गं?

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून तो घरी आला, तेव्हा बाया पायरीवर बसून बशीतून चहा पीत होती. शेजारी पाटी होती, वरून जुन्या लुगड्याने बांधलेली. अंधारात कोंबडी गप्प होते, तशी आतली गप्प होती. पाटीजवळ भाताच्या तुसाने भरलेला डबा होता आणि जाहिदा त्यात 'पि' लिहिलेली अंडी एकेक करून खोचत होती.

"भाऊ, बरं हाय न्हवं?" बाया म्हणाली. "आमचं तर औंदा काय खरं न्हाई बगा. माजी खुडूक कोंबडी मुंगसानं न्हेली. आन उद्या आमच्या हर्षदाला बगाया पाव्हनं येत्यात. घरात निस्ता गोंधूळ हाय."

"हो का, वा, चांगलं आहे," इब्राहिम म्हणाला. पाहुणे येणार म्हटल्यावर पाटीतल्या कोंबडीचं काय होणार, ते सांगायला कुणी लागत नव्हतं.

पाटीच्या विणीतून एक पाय बाहेर आला होता. बाहेरच्या बाजूने पिसं असलेला, आणि त्यात लाल रिंग. इब्राहिमने त्या पायाकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

"अहो," जाहिदा म्हणाली, "अंडी तुम्ही काढता. तुम्ही सांगा एकदा. लालच द्यायची ना?"

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तिची घडी घालायला लागला.

"तू ठरवलंयस ना."

"मी तुमच्या लिहिण्यावरून ठरवलं. नीट बघून घ्यायची असेल तर लुगडं सोडते. उघडू?"

"नको," इब्राहिम घाईने म्हणाला. टोपीची घडी झाली होती, तरी त्याने ती उलगडून पुन्हा घातली. "उन्हाचं तिला वर चढायचंय. जाऊ दे."

जाहिदा त्याच्याकडे बघत राहिली. बायाही एकदा जाहिदाकडे आणि एकदा त्याच्याकडे बघून बशी उपडी घालून उठली.

"जपून न्हे गं," जाहिदा म्हणाली.

"व्हय, व्हय. समदं ध्यानात हाय माज्या."

बायाने चुंबळ डोक्यावर ठेवली, त्यावर पाटी घेतली, डबा हातात धरला आणि ती रस्त्याला लागली. इब्राहिम आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, साधी सरळ लाज. लाल त्याला कधी आवडली नव्हती. टोचायची, ओरडायची, दाणे खाताना इतरांना ढकलायची. पण तिचा गुन्हा काय होता? ती चांगली अंडी घालत होती, एवढाच.

"जेवायला उठताय का?" जाहिदाने दारातून विचारलं.

"भूक नाही."

"मटणाचा वास मशिदीपर्यंत आला असेल, आणि भूक नाही?"

"जाहिदा, बाया त्या लालचं काय करेल गं?"

"पाहुणे आहेत म्हणाली की," जाहिदा म्हणाली आणि झाकणं ठेवायला आत गेली.

ऊन उतरल्यावर तो उठला. ड्यूक्स नोजच्या कड्याच्या बाजूने गार वारा सुटला होता. त्याने नेहमीसारखी अंगणात खुर्ची टाकली, मोजा चढवला, पाय पुढे केला आणि खिशातून भाकरीचा तुकडा काढला. एवढं सगळं जिच्यासाठी केलं, ती तरी आता येऊन बसेल, असं त्याला वाटत होतं.

"बेगम. ये, ये."

पिवळी रिंग असलेली कोंबडी खुराड्यापाशी माती उकरत होती. तिने मान वर केली नाही. त्याने भाकरीचा चुरा टाकला, तेव्हा ती आली, दुसरीला ढकलून आली, चुरा टिपला, आणि मोज्यावर बसायच्या ऐवजी तिने त्याच्या अंगठ्यावर असा टोच मारला की इब्राहिम खुर्चीतून अर्धा उठला.

त्याने खाली वाकून बघितलं. पिवळी रिंग. पिसांचे पाय. तांबूस मान. आणि तुरा. तुऱ्याची सगळी टोकं शाबूत होती.

"जाहिदा!"

ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"बेगम कुठाय?"

"ही काय तुमच्या पुढ्यात. पिवळी रिंग दिसत नाही का?"

"रिंग पिवळी आहे! कोंबडी लाल आहे!"

"कशावरून?"

"कशावरून काय? मी ओळखत नाही होय तिला? ही बघ टोचली. हिचा तुरा बघ. ही लाल आहे, लाल!"

"असं होय," जाहिदा शांतपणे म्हणाली. "मग 'पि' लिहिलेलं अंडं कुणाचं हो?"

कोंबड्या त्याच्या पायाशी उरलेला चुरा वेचत होत्या.

"लालचं," तो म्हणाला. "सगळी लालची. मी बदलत होतो. पहिल्या दिवसापासून. तू तिला बायाला देणार म्हणालीस, मला सहन झालं नाही. मग लालला देते म्हणालीस, तेव्हाही तोंड उघडलं नाही माझं. चुकलं माझं. पण तू... तू बेगमला दिलीस? त्या पाटीत बेगम होती?"

"तुम्ही नमाजला गेलात तेव्हा रिंगांच्या डबीतली दुसरी लाल रिंग काढून तिच्या पायात घातली, आणि तिची पिवळी लालच्या पायात. लुगडं सोडू का म्हणून विचारलं होतं मी."

"विचारलंस," इब्राहिम म्हणाला. बेगमचा तो पाय. अख्ख्या अंगणाएवढ्या उजेडात तो पाय त्याच्या डोळ्यांपुढे होता, आणि त्याने मान फिरवली होती. "उद्या पाहुणे आहेत त्यांच्याकडे."

तो घरात शिरला. खुंटीवरचा गुडघ्याचा पट्टा ओढला, तो उलटा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. एक बूट सापडला, दुसरा सापडेना.

"कुठं निघालात?"

"कुरवंड्याला."

"जीप गेली शेवटची."

"चालत जाईन. घाट चाललाय मी आयुष्यभर."

"तेव्हा गुडघे होते."

तो खाटेखाली हात घालून दुसरा बूट शोधत राहिला. जाहिदाने थोडा वेळ ते बघितलं. मग पायानेच बूट त्याच्याकडे सरकवला आणि खाटेवर बसली.

"घालू नका. बसा इथं." तिचा आवाज आता मऊ झाला होता. "कुणी कापत नाही तिला. बायाची खुडूक कोंबडी मुंगसाने नेली, ऐकलंत ना? अंडी उबवायला तिला कोंबडी हवी होती. लालची अंडी डब्यात घालून दिली ना तुमच्यासमोर? ती बेगमच्या पोटाखाली जाणार. नर बायाचे, तलंगा आपल्या, नेहमीचा वाटा. बसलेल्या कोंबडीला कुणी हात लावतं का?"

इब्राहिम जमिनीवर बसला होता तसाच वर बघत राहिला.

"बेगम अंड्यांवर बसेल?"

"आठवडा झाला ती खुडूक आहे. तुम्हाला दिसलं नाही? पोटाची पिसं उपटलीत, दाण्याला येत नाही, दिवसभर कुडुक कुडुक करतेय."

"ती तर माझ्या पायावर..."

"पाय उबवत होती ती तुमचा."

इब्राहिमने आपल्या पायाकडे बघितलं. एका पायात बूट होता, दुसऱ्यात लोकरी मोजा. अंगठ्याशी, लालने टोचलं होतं तिथे, मोज्याला भोक पडलं होतं.

"आणि खुडूक बसली की कोंबडी अंडी द्यायची थांबते हो," जाहिदा म्हणाली. "तुमची बेगम पायावरून उठत नव्हती आणि ट्रेमध्ये रोज तिचं अंडं येत होतं. तेही शिसवी." हे बोलताना तिला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिने डोळ्याला पदर लावला. "मला काय, पहिल्या दिवशीच कळलं होतं. लालच्या अंड्याला जाड टोकाशी ठिपके असतात. ते मला झोपेत दिलं तरी ओळखेन. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मारुतीला मी शब्द दिलाय, तुम्हाला माहीत होतं. बायासमोर विचारलं तेव्हा तरी सांगाल, असं वाटलं होतं मला. फार वाईट वाटलं."

"माझंच चुकलं गं," इब्राहिम पुन्हा म्हणाला.

बाहेर कोंबड्या एकेक करून खुराड्यात शिरायला लागल्या होत्या. जाहिदाने पदराची गाठ सोडली, त्यातून एक लाल रिंग काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही जिची आहे तिला घाला. मी लावत नाही हात, तुम्हीच घाला."

"आणि बेगमला भेटायला कधी जाऊ?"

"पिल्लं निघू देत. आत्ता गेलात तर अंडी सोडून तुमच्या पायावर येऊन बसेल, तेवढी अक्कल नाही तिला."

इब्राहिम एका पायात बूट घालूनच अंगणात गेला. लाल खुराड्याच्या दाराशी उभी होती, सगळ्यांना आधी आत ढकलून मग आपण शिरायचं, ही तिची रीत. त्याने खाली बसून तिला काखेत धरलं. गुडघा कुरकुरला. पिवळी रिंग वेटोळं सोडवत काढली, तोवर तिने मनगटाला एक टोच मारला. लाल रिंग चढवताना दुसरा. तिसरा बसला तेव्हा रक्त आलं, पण त्याने हात मागे घेतला नाही. रिंग नीट बसली का ते फिरवून बघितलं, तिला आत सोडलं आणि दार लावलं.

पिवळी रिंग त्याने शर्टाच्या खिशात ठेवली.